पहिली लष्करी रायफल घ्यायची? आधी काडतूस ठरवा, मग नळीत डोकवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत .३०३ घेऊन कवायत केली, आता ओहायोत ग्रीन कार्डावर स्थायिक आहात, घराजवळ १०० यार्डांची रेंज आहे आणि हाताशी आठशे ते हजार डॉलर आहेत. भिंतीवर टांगायला नको, चालवायला एक जुनी लष्करी रायफल हवी आहे. गन शोमध्ये दोन पाहून आलात: एक रशियन मोसिन-नागां, आणि एक जर्मन के९८के, जिच्या गळ्यात ‘सगळे नंबर जुळतात’, म्हणजे सगळ्या भागांवर एकच क्रमांक आहे, अशी चिठ्ठी होती. यातली कुठली घ्यावी?

माझ्या मते दोन्ही नको. मी वीसेक वर्षे या रायफली विकत घेतो, दुरुस्त करतो आणि क्लबच्या जुन्या रायफलींच्या स्पर्धांत चालवतो. या काळात नव्या माणसांना ज्या दोन रायफलींवरून निराश होताना पाहिले, त्या नेमक्या याच.

रायफलींकडे वळण्याआधी कायद्याचे दोन शब्द, कारण हे उत्तर तुमच्याखेरीज इतर मराठी मंडळीही वाचतील. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे दुकानातून घेताना फॉर्म ४४७३ भरायचा, त्यात आपला एलियन नंबर लिहायचा, आणि पार्श्वभूमीची तपासणी झाली की रायफल मिळते. पण एच-१बी, एफ-१ किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस ताब्यात ठेवण्यास मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे. यात ‘ताब्यात ठेवणे’ याचा अर्थ फार व्यापक लावला जातो. मित्राची रायफल रेंजवर हातात घेऊन चार गोळ्या झाडणेही त्यात बसू शकते. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय हौस करू नका. एका शनिवारच्या दुपारीसाठी पुढची सगळी इमिग्रेशनची वाट धोक्यात घालण्यासारखे ते आहे. राज्याराज्यांचे नियमही वेगळे असतात, ते आपापल्या ठिकाणी तपासा.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक मराठी नेमबाजाला सांगतो. रेंजवर न्यायची बॅग वेगळी ठेवा, आणि ती बॅग कधीही भारतात नेऊ नका. बॅगेच्या अस्तरात विसरलेले एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसले तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. भारतात .३०३ हे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअर, म्हणजे मनाई असलेले नळीचे माप आहे. आपल्याकडे परवान्यावर .३१५ची रायफल दिसते ती याचमुळे: लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या काळात वेगळी काडतुसे रूढ झाली.

आता मुद्द्याचे.

नवा माणूस रायफल आधी निवडतो आणि काडतुसे नंतर शोधतो. क्रम उलटा हवा. रायफल एकदा विकत घेतली जाते, काडतुसे मात्र दर महिन्याला. ज्या रायफलीचे काडतूस महाग किंवा दुर्मीळ आहे ती वर्षभरात कपाटात जाऊन बसते, मग ती कितीही देखणी असो. जपानी टाइप ९९ घ्या. भक्कम रायफल आहे, पण तिचे ७.७ मिमीचे काडतूस मोजक्या दुकानांत आणि चढ्या भावाने मिळते. मोसिनचे तसेच झाले आहे, आणि याचे लोकांना अजून आश्चर्य वाटते. मी सुरुवात केली तेव्हा मोसिन शंभर डॉलरच्या आत मिळायची आणि ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा तिच्याहून स्वस्त. ‘पहिली रायफल म्हणजे मोसिन’ हा सल्ला त्या काळातला आहे. आज तीच मोसिन माझ्या आसपास साडेतीनशे ते पाचशेला जाते, ते स्वस्त डबे संपले, आणि २०२१मध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीच्या नव्या परवान्यांवर निर्बंध आणल्यापासून नवा मालही आटला. स्वस्ताई हाच जिचा मुख्य गुण होता तिच्यात आता तो उरला नाही. राहिला तो जड चाप, अडकणारा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, आणि खांद्याला बसणारा दणका. अपवाद फिनलंडने नव्या नळ्या घालून बांधलेल्या एम३९चा. ती सुंदर रायफल आहे, पण तुमच्या बजेटबाहेर.

आज ज्यांचे नवे, बॉक्सर प्रायमरचे, म्हणजे बुडातली पेटवणारी टोपी बदलून पुन्हा भरता येणारे, काडतूस नियमित मिळते अशी माझ्या हिशेबात चार कुटुंबे आहेत: इंग्रजी .३०३, स्विस ७.५×५५, स्वीडिश ६.५×५५ आणि अमेरिकन .३०-०६. यांतली पहिली तीन टिकून आहेत त्याचे मोठे श्रेय सर्बियातल्या उझित्से इथल्या प्रवी पार्टिझान कारखान्याला आहे, तो जवळजवळ प्रत्येक जुन्या लष्करी रायफलीसाठी काडतूस बनवतो. पुंगळ्याही, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळ्याही, चांगल्या असतात, म्हणजे पुढे स्वतः भरायला शिकलात तर एक पेटी अनेकदा कामी येते.

.३०-०६ म्हटले की एम१ गरँड, म्हणजे अमेरिकेची दुसऱ्या महायुद्धातली अर्धस्वयंचलित रायफल, आली. सरकारी साठ्यातल्या गरँड विकणारी सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम) ही संस्था अलाबामात अॅनिस्टनला आहे आणि तिथून घेतलेल्या रायफलीची प्रत खात्रीची असते. पण कायद्याने ती फक्त अमेरिकन नागरिकांना विकू शकते, तेही संलग्न क्लबच्या सदस्यांना. नागरिकत्व मिळेल तेव्हा पहिल्या महिन्यात अर्ज करा. आज बाहेरच्या बाजारातली गरँड तुमच्या रकमेत चांगल्या अवस्थेत मिळणे कठीण. .३०-०६ची जुनी बोल्ट रायफल, म्हणजे १९०३ची स्प्रिंगफील्ड, कुठे स्वस्तात दिसली तर आधी नंबर बघा. स्प्रिंगफील्ड आर्मरीचा ८,००,०००च्या खालचा किंवा रॉक आयलंडचा २,८५,५०७च्या खालचा नंबर असेल तर तिच्यातून गोळी झाडू नका. त्या काळात पोलादाला दिलेले तापकाम सदोष होते, काही रिसीव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो तो रायफलीचा मुख्य पोलादी भाग, काचेसारखे फुटले आहेत. ‘माझ्या आजोबांनी आयुष्यभर वापरली’ असे विकणारा सांगेल. ती पुढच्या गोळीला फुटणार नाही याची खात्री त्याच्या आजोबांनाही देता आली नसती.

काडतूस ठरले की मग नळी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

२००३मध्ये मी पहिली रायफल घेतली ती बंगालमधल्या इशापूर कारखान्यातली एसएमएलई, म्हणजे .३०३ ली-एनफील्डचा जुना नमुना. बोल्टच्या मागे खालच्या बाजूला कोरलेले ‘इशापूर’ वाचले आणि मला दुसरे काही दिसेनासे झाले. लाकूड तेलाने चमकत होते. नळीत डोकावलो नाही. घरी आणून पुढचा लाकडी भाग उतरवला तेव्हा लाकडाखाली, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी, नळीला गंजाचे खोल खड्डे पडलेले होते. आतून नळी बोगद्यासारखी काळी. १०० यार्डांवर गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात पडत. विकणाऱ्याने काही लपवले असे मी म्हणत नाही, मीच काही विचारले नव्हते. ती रायफल आज माझ्या भिंतीवर आहे आणि मी तिच्यावर प्रेमही करतो, पण तिने मला नेमबाजी शिकवली नाही.

म्हणून आता सवय अशी. खिशात छोटा बोअर लाइट, सुती चिंध्या आणि सळई असल्याशिवाय मी घरातून निघत नाही. आधी रायफल रिकामी असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री, मग विकणाऱ्याची परवानगी घेऊन बोल्ट काढायचा, एक चिंधी नळीतून फिरवायची. चिंधी फिरवल्याशिवाय बघण्यात अर्थ नाही, कारण तेल आणि जुने ग्रीस वाईट नळीलाही चमक देते. मग चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या टोकाच्या, बाजूने प्रकाश टाकून तोंडाकडून पाहायचे. आतल्या पिळदार खाचांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. खाचांच्या तळाशी धुरकटपणा असेल तर घाबरू नका, तशा धूसर नळ्या बऱ्याचदा उत्तम नेम देतात. पण खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर खड्डे दिसले, किंवा नळीत मध्येच काळी अंगठीसारखी सावली दिसली, तर रायफल परत द्या. ती अंगठी म्हणजे कधीतरी आत काहीतरी अडकलेले असताना गोळी झाडली गेली आणि नळी तिथे फुगली.

त्यानंतर तोंड. लष्करात सळई पुढून घालून साफ करायची पद्धत होती, त्याने वर्षानुवर्षे तोंडापाशी खाचा झिजतात आणि नेम तिथेच बिघडतो. साधी चाचणी: एक सुटी गोळी, म्हणजे पुंगळी आणि दारू नसलेली नुसती गोळी, खिशात ठेवा आणि नळीच्या तोंडात टोकाकडून हळूच सोडा. गोळीचा बराचसा भाग बाहेर राहिला तर ठीक. जवळजवळ सगळी आत बुडाली तर तोंड झिजलेले आहे. मोसिनमध्ये असे झिजलेले तोंड आतून कोरून दुरुस्त केलेले आढळते, म्हणजे पहिला इंचभर भाग खाचांविना. त्यात लबाडी नाही, कारखान्यातलीच दुरुस्ती आहे ती, पण किमतीत ती धरली गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये जिथे अडून थांबते ती जागा यांच्यातले अंतर. ते जास्त झाले की पुंगळी ताणते आणि बुडाजवळ फाटते. गो, नो-गो आणि फील्ड असे तीन गेज मिळतात. तुम्ही स्वतः विकत घ्यायची गरज नाही, पण पहिली गोळी झाडण्याआधी कोणत्याही चांगल्या गनस्मिथकडून तपासून घ्या. ही रक्कम बजेटमध्ये आधीच बाजूला काढून ठेवा.

लाकडाचे ओरखडे, आयातदाराचा बारीक शिक्का, दस्त्यावर कोरलेली कुणाची तरी आद्याक्षरे, यांचा नेमाशी संबंध नाही. हे सगळे किंमत खाली आणते आणि चालवणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

त्या के९८केचे आता सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी पकडलेल्या हजारो जर्मन रायफली त्यांच्या डेपोत सुट्या करून, मिसळून, पुन्हा जोडल्या गेल्या आणि बोल्ट व इतर भागांवर नंबर नव्याने घातले गेले. पुढे त्या अमेरिकेत आल्या. चेंबरजवळ ‘एक्स’सारखी खूण, लाकडावर लालसर लाखेचा थर, बोल्टवर विजेच्या पेनाने लिहिलेला नंबर दिसला तर ती यांतली एक. चालवायला अशी रायफल वाईट नाही. पण ‘नंबर जुळतात’ या शब्दांना जर्मन रायफलींत फार पैसे मिळतात, आणि जिथे एका शब्दाला पैसे मिळतात तिथे शिक्के नव्याने ठोकणारे हातही असतात. खरे आणि खोटे ओळखायला मला दहा वर्षे लागली, अजूनही मी एकट्याच्या भरवशावर मोठी रक्कम लावत नाही. पहिल्या खरेदीत या वाटेला जाऊ नका. जर्मन धाटणीची रायफल हवीच असेल तर युगोस्लाव्हियाची एम४८ बघा. तीच ८ मिमी माउझर, आणि संग्राहकांचे लक्ष तिच्याकडे कमी.

स्वीडिश एम९६ ही मी पाहिलेल्या लष्करी रायफलींत सर्वांत प्रेमाने बनवलेली. ६.५ मिमीचा दणका मऊ, नेम अप्रतिम. बऱ्याच दस्त्यांच्या उजव्या बाजूला पितळेची चकती असते, तिच्यावर शस्त्रागारातल्या माणसाने नळीचा व्यास, गंजाची पातळी आणि नवी टोकदार गोळी किती वर लागते याच्या खुणा केलेल्या असतात. रायफलीचे आरोग्यपत्रच. मात्र दस्ते बदलले जातात, चकती दुसऱ्याच नळीची असू शकते, म्हणून डोकावणे चुकत नाही. तिची मूळ साइट, म्हणजे नेम धरायची खूण, ३०० मीटरपासून सुरू होते, त्यामुळे १०० यार्डांवर गोळी बरीच वर जाते.

स्विस के३१बद्दल बोलायला लागलो की मला थांबवावे लागते. १९३३ ते १९५८ या काळात पाच लाखांहून जास्त बनल्या. बोल्ट वळवायचा नाही, सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. चाप असा की नव्या माणसाला वाटते रायफल कुणी स्पर्धेसाठी घडवली असावी. स्विस लष्कराचे जीपी ११ हे काडतूस लष्करी असूनही नळीला गंज आणत नाही. आणि एक गोष्ट: दस्त्याच्या तळाची लोखंडी पट्टी दोन स्क्रू काढून उघडली तर काही रायफलींत खाली घडी घातलेली छोटी चिठ्ठी निघते, ज्या सैनिकाला ती दिली होती त्याचे नाव, तुकडी आणि गाव. स्वित्झर्लंडमध्ये सैनिक रायफल घरी ठेवत. माझ्या के३१मधली चिठ्ठी मी जशीच्या तशी परत ठेवली. ती काढून वेगळी विकणारे लोक मला मुळीच आवडत नाहीत.

केवळ उत्तम नेम हवा असता तर मी तुम्हाला के३१ घ्या म्हणालो असतो आणि उत्तर इथे संपले असते. पण तुमच्या प्रश्नात एनसीसीच्या मैदानाचा उल्लेख आहे. ज्या माणसाने सोळाव्या वर्षी हुकमावर ती रायफल खांद्याला लावली, त्याच्या हातात ली-एनफील्ड आली की काय होते ते मी पाहिले आहे, अनुभवलेही आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणींनी इटलीत ही रायफल वाहिली, आपल्या पोलीस ठाण्यांत ती कालपरवापर्यंत होती, २६/११च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या शिपायांच्या हाती .३०३च होती. म्हणून माझे उत्तर: एनफील्ड घ्या, पण तिचा ‘नंबर ४’ हा नंतरचा नमुना.

नंबर ४ का, आणि इशापूरची एसएमएलई का नको? नंबर ४ची नळी जरा जाड, आणि मागची साइट डोळ्याजवळ, गोल छिद्राची. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना व्हीच्या खाचेपेक्षा हे छिद्र फार सोपे जाते. शिवाय तिच्या बोल्टचे डोके सुटे निघते आणि ० ते ३ अशा आकड्यांत वाढत्या लांबीचे मिळते, त्यामुळे हेडस्पेस थोडा वाढलेला असला तर डोके बदलून भागते. इंग्लंडमध्ये फॅझकर्ली, माल्टबी आणि बीएसए शर्ली इथे, कॅनडात टोरंटोजवळ लाँग ब्रँचला, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये सॅव्हेजच्या कारखान्यात ती बनली. सॅव्हेजच्या रायफलीवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का असतो, कारण ती लेंड-लीज या युद्धकाळातल्या अमेरिकी मदतीच्या कराराखाली इंग्रजांना दिली होती. युद्धकाळातल्या काही नळ्यांत पाचऐवजी दोनच खाचा असतात. त्या पाहून दचकू नका, चांगल्या चालतात.

बोल्टच्या मुठीमागचा नंबर रिसीव्हरशी जुळला पाहिजे. जर्मन रायफलीत हा मुद्दा किमतीचा असतो, इथे तो सुरक्षेचा आहे, कारण बोल्टचे कान त्या त्या रिसीव्हरला घासून बसवलेले असतात. नंबर ४चा मार्क १ स्टार हा उपप्रकार असेल तर बोल्ट ज्या रुळावर सरकतो त्याच्या पुढच्या खाचेची कड तुटलेली नाही ना ते बघा. तुटली असेल तर बोल्टचे डोके रुळावरून निसटते. हा त्या मॉडेलचा प्रसिद्ध दुबळेपणा आहे.

जंगल कार्बाइन म्हणून मिळणारी नंबर ५ टाळा. दणका मोठा, आणि नंबर ४ कापून बनवलेल्या नकला भरपूर. भारतातून आलेल्या रायफलींत ‘डीपी’ शिक्का बघा, म्हणजे कवायतीपुरती. तुम्ही एनसीसीत खांद्यावर घेतली ती बहुधा याच जातीची. तिच्यातून गोळी झाडायची नसते. पुढच्या लाकडावर तांब्याच्या तारेचे वेटोळे असेल तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी वापरलेली, तीही नको. अफगाणिस्तानातून आलेल्या, खैबरच्या परिसरात हाताने घडवलेल्या नकलाही बाजारात आहेत. त्यांच्यावरचे शिक्के वाकडे असतात, इंग्रजी अक्षरे कधी उलटी पडलेली असतात. वस्तू म्हणून मनोरंजक, पण चेहऱ्यासमोर धरायच्या लायकीच्या नाहीत.

इशापूरचे मन फारच ओढत असेल तर २ए१चा विचार करा. १९६२च्या चीन युद्धानंतर इशापूरला एसएमएलईच्याच घडणीत, पण अधिक मजबूत पोलादाची, ७.६२ नाटो काडतुसाची ही रायफल नव्याने बनवली गेली. जुन्या .३०३ला नवी नळी बसवलेली नाही, हे लक्षात घ्या. मी तिच्यात ७.६२ नाटोच्या दाबाचेच काडतूस वापरतो, त्याच मापाचे शिकारीचे कडक .३०८ नाही.

.३०३ची जुनी लष्करी काडतुसे मिळाली तर काय करायचे? बुडावर ‘केएफ’ दिसले तर ते आपल्या खडकीच्या कारखान्याचे. पहिल्यांदा अमेरिकेतल्या एका टेबलावर ती दोन अक्षरे वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. खडकी बाजारात लहानपणी सायकल हाणलेली. पण ही काडतुसे, आणि त्या काळची इतर देशांचीही, अनेक दशके जुनी आहेत. ती कशा उन्हात, कशा गोदामात राहिली कुणाला ठाऊक. इतकी जुनी काडतुसे कधी कधी चाप ओढल्यावर क्षणभर उशिरा पेटतात. चाप ओढला आणि आवाज आला नाही, तर नळी निशाणाकडेच धरून किमान तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. माझी ‘केएफ’ काचेच्या कपाटात आहेत आणि मी चालवतो ती नवी.

जुन्या लष्करी काडतुसांचा दुसरा प्रश्न गंज. त्यांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे मिठाचाच भाऊ, आणि तो हवेतली ओल ओढून घेतो. कोकणातल्या घरात पावसाळ्यात मिठाची बरणी कशी पाझरते ते आठवा, नळीत तेच होते, एका रात्रीत. तेल मीठ विरघळवत नाही, पाणी विरघळवते. म्हणून रेंजवरून आल्यावर चेंबरकडून कढत पाणी ओतायचे, बोल्टचे तोंडही धुवायचे, कोरडे करायचे आणि मग तेल. काचा पुसायचा अमोनियाचा फवारा मारणारे भेटतील. त्यात काम करते ते त्यातले पाणीच. काडतूस लष्करी आहे आणि माहिती नाही, तर ते गंज आणणारे आहे असेच धरून चाला.

रायफल घरी आली की एक मोह टाळा: लाकूड घासून पॉलिश करू नका, लोखंड पुन्हा काळे करू नका. दोन्हींनी किंमत जाते आणि पुसलेला इतिहास परत येत नाही. ग्रीस मिनरल स्पिरिटने काढा, लाकडाला जवसाचे तेल पुरे. चेंबर नीट साफ करा, तिथे राहिलेले ग्रीस पहिल्या दहा गोळ्यांत बोल्ट अडकवते. एसएमएलई हाती आली तर दस्त्याचा लांब स्क्रू सोडवण्याआधी पुढचे लाकूड उतरवा. उलट केले तर त्या स्क्रूच्या चौकोनी टोकाने पुढचे लाकूड आतून तडकते. एक चांगले लाकूड मी असेच घालवले आहे.

पैशांचे गणित. हजारातले सातशेच्या आसपास रायफलीला, बाकीचे तपासणी, साफसफाई, कानांसाठी बोळे आणि वरून मफ अशी दुहेरी सोय, आणि दोनेकशे काडतुसे यांना. या नादात पुढे जायचे ठरले तर क्युरिओ अँड रेलिकचा, म्हणजे जुन्या बंदुकांच्या संग्राहकाचा, परवाना काढा. तीन वर्षांचे शुल्क तीस डॉलर, आणि पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या रायफली राज्याच्या नियमांत राहून थेट घरी मागवता येतात.

पहिल्या दिवशी रेंजवर जाताना एक छोटे चुंबक खिशात ठेवा. अनेक रेंजवर चुंबकाला चिकटणारी गोळी चालत नाही, तुम्ही नेणार असलेली काडतुसे घरीच तपासा. १०० यार्डांवर कागद मोठा लावा आणि नेम कागदाच्या खालच्या भागावर धरा, कारण या साइट युद्धातल्या अंतरांसाठी बांधलेल्या आहेत. गोळ्या सहा-आठ इंच वर लागल्या तर रायफलीत दोष नाही. पुढची साइट उंच पात्याची घातली की नेम जागेवर येतो, नंबर ४साठी वेगवेगळ्या उंचीची पाती मिळतात. पहिल्या गोळीनंतर पुंगळी उचला. बुडापासून थोड्या वर चकचकीत कडे उमटले आहे का बघा, आणि पेपर क्लिपचे टोक वाकवून पुंगळीच्या आतून फिरवा. टोक तिथे खाचेत अडकल्यासारखे वाटले तर पुंगळी फाटायच्या बेतात आहे. झाडणे थांबवा आणि गनस्मिथकडे जा. कडे नसेल, आतून सगळे गुळगुळीत लागले, तर मॅगझिनमध्ये पाच काडतुसे भरा आणि सावकाश सुरू करा.